महंमद अली : कोल्हापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कुस्तीच्या गावात बॉक्सरवर प्रश्नोत्तरं कशाला?

कारण प्रश्न इथंच जास्त येतात. सकाळची मेहनत संपली, अंगावरची माती उतरली की तालमीतली पोरं मोबाइल घेऊन बसतात आणि रील सरकवता सरकवता कधी ना कधी अली येतोच. पंधरा सेकंदांत त्याचं नाचणं, एक ठोसा आणि समोरचा आडवा. रीलखाली लिहिलेल्या माहितीतलं निम्मं खोटं असतं. मग ‘हे खरं काय?’ म्हणून वस्तादांना विचारतात, आणि वस्ताद आमच्यासारख्या खेळावर लिहिणाऱ्यांकडं बोट दाखवतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेच खाली घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत. तिथं सांगण्यासारखंच बरंच आहे.

तो मूळचा कुठला? घरचं कसं होतं?

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं लुईव्हिल. जन्म १७ जानेवारी १९४२. पाळण्यातलं नाव कॅशियस मार्सेलस क्ले. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आई लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करायची. उपाशी राहावं लागेल असं दारिद्र्य नव्हतं, पण कृष्णवर्णीय माणसानं कुठं बसायचं, कुठं पाणी प्यायचं आणि कुठल्या दारातून आत जायचं हे त्या गावात ठरलेलं होतं.

सायकल चोरीला गेली म्हणून बॉक्सर झाला, ही गोष्ट खरी का?

खरी आहे. १९५४ साली, बारा वर्षांचा असताना त्याची लाल-पांढरी नवी सायकल चोरीला गेली. तक्रार द्यायला गेला तो ज्यो मार्टिन नावाच्या पोलिसाकडं. चोर सापडला तर त्याला बडवतो, असं हा रडत रडत म्हणाला. मार्टिन फावल्या वेळात पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. तो म्हणाला, आधी लढायला तर शीक. सायकल काही परत मिळाली नाही.

ऑलिंपिकचं सुवर्णपदक त्यानं नदीत फेकलं म्हणे?

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यानं लाइट हेवीवेट गटात, म्हणजे ८१ किलोपर्यंतच्या वजनात, सुवर्ण जिंकलं. अंतिम लढतीत पोलंडचा अनुभवी पिएत्रिकोव्स्की होता. अली तेव्हा अठरा वर्षांचा. विमानाची त्याला इतकी भीती वाटायची, की रोमला जाताना त्यानं पॅराशूट विकत घेऊन सोबत ठेवलं होतं.

पदक गळ्यात घालून तो लुईव्हिलला परतला आणि गावातल्या एका हॉटेलनं त्याला खायला द्यायला नकार दिला, म्हणून संतापून त्यानं पदक ओहायो नदीत फेकलं, अशी कथा त्याच्याच आत्मचरित्रात आली. पुढं त्याच्या जवळच्या लोकांनी सांगितलं, की पदक नुसतं हरवलं होतं. माझंही मत हरवलंच असावं असं आहे. पण म्हणून हॉटेलांतली बंदी खोटी ठरत नाही. ती त्या शहरात उघडपणे पाळली जात होती.

कोल्हापूरकराला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. दलित समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हातचा चहा सवर्ण पीत नव्हते, तेव्हा शाहू महाराज स्वतः त्यांच्या हॉटेलात जाऊन चहा प्याले. लुईव्हिलमध्ये तसं करणारा कोणी राजा नव्हता. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी अलीला बदली पदक दिलं गेलं.

नाव का बदललं? सरळ धर्म बदलला की राजकारण होतं?

दोन्ही. २५ फेब्रुवारी १९६४ ला मायामीत त्यानं सनी लिस्टनला हरवून जगज्जेतेपद घेतलं. लिस्टन सातव्या फेरीला स्टुलावरून उठलाच नाही. लगेच दुसऱ्या दिवसापासून अलीनं ‘नेशन ऑफ इस्लाम’ या, गोऱ्यांपासून वेगळं राहा म्हणणाऱ्या कृष्णवर्णीय मुस्लिमांच्या संघटनेशी असलेलं नातं उघड केलं आणि काही दिवसांत संघटनेचे प्रमुख एलिजा महंमद यांनी त्याला नवं नाव दिलं. क्ले हे पूर्वजांना गुलाम म्हणून ठेवणाऱ्यांकडून आलेलं नाव आहे, असं तो म्हणायचा. पुष्कळ वर्तमानपत्रं पुढची काही वर्षं हट्टानं त्याला क्लेच लिहीत राहिली. १९६७ मध्ये एर्नी टेरेल त्याला जुन्या नावानं हाक मारत होता, तर अलीनं त्याला पंधरा फेऱ्या ठोकत ठोकत ‘माझं नाव काय?’ असं विचारलं. ती लढत बघायला बरी वाटत नाही. त्यात राग होता आणि क्रौर्यही होतं.

१९७५ नंतर तो त्या संघटनेच्या वेगळेपणातून बाहेर पडून सुन्नी इस्लामकडं वळला. त्याच संघटनेतला नेता माल्कम एक्स हा त्याचा जवळचा मित्र. संघटनेशी माल्कमचं फाटलं तेव्हा अलीनं त्याच्याकडं पाठ फिरवली आणि म्हातारपणी त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

तो एवढं बोलायचा का? खेळाडूनं गप्प राहून खेळावं ना?

हे वाचून तालमीत हशा पिकेल, पण बोलणं तो एका पैलवानाकडून शिकला. १९६१ साली लास वेगासमध्ये त्याची गाठ ‘गॉर्जस जॉर्ज’ या अमेरिकन शो-कुस्तीतल्या मल्लाशी पडली. केस सोनेरी रंगवून, झगे घालून हा गडी समोरच्याला शिव्याशाप द्यायचा आणि त्याचा माज उतरलेला बघायला लोक तिकीट काढून यायचे. एकोणीस वर्षांच्या अलीनं ते नीट पाहिलं. कुठल्या फेरीत पाडणार हे आधीच कवितेत सांगायचं, समोरच्याला नावं ठेवायची, स्वतःला ‘सर्वांत महान’ म्हणायचं, हे सगळं तिथून पुढं वाढत गेलं.

आपल्याकडं मैदानात उतरून शड्डू ठोकतात, तसा त्याचा तोंडाचा शड्डू. तिकिटं खपायची आणि समोरच्याचं चित्तही ढळायचं. लिस्टनच्या वेळी वजनाच्या सकाळी त्यानं एवढा आरडाओरडा केला, की त्याची नाडी तपासणाऱ्या डॉक्टरला वाटलं पोरगं घाबरून गेलंय. लिस्टनलाही तसंच वाटलं. संध्याकाळी तोच पोरगा शांतपणे आत आला.

त्याचा खेळ नेमका वेगळा कशात होता?

सव्वासहा फूट उंच, ९५ किलोच्या घरातला माणूस हलक्या वजनाच्या बॉक्सरसारखा पायांवर फिरायचा. हेवीवेटमध्ये तोवर बहुतेक वेळा दोघं समोरासमोर रोवून उभे राहायचे आणि ज्याचा ठोसा जड तो जिंकायचा. अली समोर थांबायचाच नाही. डावीकडं गोल फिरत जायचा आणि फिरता फिरता डाव्या हाताचा सरळ ठोसा, म्हणजे जॅब, समोरच्याच्या तोंडावर चाबकासारखा मारत राहायचा. पोटावर जवळजवळ मारतच नसे. डोक्याशिवाय त्याला काही दिसत नव्हतं.

त्याच्यात पुस्तकाप्रमाणं चुका भरपूर होत्या. हात कमरेपाशी सोडलेले असायचे. ठोसा आला की डोकं बाजूला काढायचं किंवा खाली वाकायचं, असं शिकवतात, तर हा सरळ मागं झुकायचा. कुठल्याही प्रशिक्षकानं हे पहिल्या दिवशी मोडून काढलं असतं. त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी शहाणा. त्यानं ते मोडलं नाही, कारण पोराची नजर आणि पाय इतके जलद होते, की ठोसा नाकापासून दोन बोटांवर येऊन संपायचा.

कमजोरीही एक होती. समोरच्याच्या डाव्या हाताचा हूक, म्हणजे कोपरात वाकवून बाजूनं मारलेला ठोसा. १९६३ मध्ये लंडनला हेन्री कूपरनं अलीला त्यानंच पाडला. १९७१ मध्ये ज्यो फ्रेझरनंही त्यानंच पाडला.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवावी. अली दोन आहेत. १९६७ पर्यंतचा अली, ज्याला कुणाचा हात लागत नव्हता. आणि १९७० नंतरचा, जो मार खात खात जिंकत होता. प्रसिद्ध लढती बहुतेक दुसऱ्याच्या आहेत. बॉक्सर म्हणून मोठा पहिला.

मग हात खाली सोडून लढायचं आम्ही पण शिकावं काय?

नाही. खुद्द त्यालाही पंचविशीनंतर ते जमलं नाही.

लिस्टन खाली पडलाय आणि अली वर ओरडतोय, त्या फोटोतला ठोसा खरा होता का?

तो फोटो २५ मे १९६५ चा, मेन राज्यातल्या लुइस्टन या छोट्या गावातला. ही लिस्टनशी दुसरी लढत. ती पहिल्याच फेरीत संपली. पुष्कळांना तो ठोसा दिसलाच नाही, त्यामुळं लढत आधीच ठरलेली होती, असा संशय आजपर्यंत आहे. चित्रफीत सावकाश पाहिली, तर उजव्या हाताचा आखूड ठोसा लागलेला दिसतो आणि लिस्टनचं डोकं हलतं. एवढ्यानं लिस्टनसारखा गडी पडावा का, हा वाद राहतोच. अली ओरडतोय ते उत्साहानं नव्हे. ‘ऊठ आणि लढ’ म्हणून तो चिडून सांगत होता, त्यालाही एवढ्यावर संपायला नको होतं.

सैन्यात जायला नकार दिला. आमच्या जिल्ह्यात घराघरात फौजी आहेत. पळपुटा म्हणायचं का त्याला?

हा प्रश्न शिरोळकडचे, चंदगड-आजऱ्याकडचे वाचक हमखास विचारतात आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. ज्या जिल्ह्यात सैनिक टाकळी नावाचं गाव आहे तिथं ‘मी लढायला जाणार नाही’ हे वाक्य सहजासहजी पचणार नाही.

काय घडलं ते आधी बघू. १९६४ मध्ये सैन्यभरतीच्या बौद्धिक चाचणीत तो नापास झाला आणि त्याला बाजूला ठेवलं गेलं. व्हिएतनामसाठी माणसं कमी पडायला लागली, तेव्हा पात्रतेची रेघ खाली आणली आणि १९६६ मध्ये तो अचानक पात्र झाला. त्यानं धर्माचं कारण देऊन सूट मागितली. मिळाली नाही. २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनच्या भरती केंद्रात त्याचं नाव पुकारलं. भरती स्वीकारायला एक पाऊल पुढं टाकायचं होतं. त्यानं ते टाकलं नाही.

बॉक्सिंगच्या संघटनांनी लगेच त्याचा परवाना आणि किताब काढून घेतला, खटला उभा राहण्याआधीच. २० जूनला न्यायालयानं पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड सुनावला. अपील चालू असल्यामुळं तो तुरुंगात गेला नाही, पण पासपोर्ट जप्त होता. देशात लढता येईना, परदेशातही जाता येईना. कॉलेजांत भाषणं देऊन तो पोट भरत होता.

पळणारा माणूस कॅनडाला जातो. तसे हजारो गेले. सैन्यात नाव नोंदवून जवानांसमोर प्रदर्शनी लढती करत फिरायची सोय त्याच्यासाठीही होऊ शकली असती. पूर्वीच्या जगज्जेत्यांनी ते केलं होतं. तो देशातच राहिला, न्यायालयात उभा राहिला आणि शिक्षा होणार हे माहीत असताना नाही म्हणाला. त्याचं म्हणणं चूक ठरवायचं तर ठरवा. पळपुटा हा शब्द मात्र त्याला लागू होत नाही.

२८ जून १९७१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध शून्य मतांनी शिक्षा रद्द केली. निकाल मात्र तांत्रिक मुद्द्यावर होता. सूट नाकारताना सैन्यभरतीच्या अपील मंडळानं कारणच दिलं नव्हतं.

किंमत काय मोजली? मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७०, वयाची पंचवीस ते अठ्ठावीस. पैलवानाची ही वर्षं कुठली असतात ते तालमीत कुणालाही विचारा. ती कुणी पाहिलीच नाहीत.

फ्रेझरशी एवढं वैर कशानं?

मूळात वैर नव्हतं. अलीवर बंदी असताना ज्यो फ्रेझरनं त्याला पैशाची मदत केली, परवाना परत मिळावा म्हणून शब्दही टाकला. पुढं दोघांच्या लढती ठरल्या आणि अलीनं त्याला गोऱ्यांचा गुलाम म्हटलं, गोरिला म्हटलं, पत्रकारांसमोर रबरी माकड काढून त्याला बुक्के मारले. फ्रेझरच्या पोरांना शाळेत चिडवलं गेलं. तिकिटं खपवण्यासाठी बोललो, असं अली नंतर म्हणाला. त्यानं भागत नाही. ज्यानं वाईट दिवसांत हात दिला त्याच्याशी असं वागणं हा अलीच्या आयुष्यातला काळा डाग आहे आणि त्याचे चाहते तो झाकतात, ते मला पटत नाही.

लढती तीन झाल्या. ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फ्रेझर पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला. अलीचा हा पहिलाच व्यावसायिक पराभव. दोघांनाही पंचवीस पंचवीस लाख डॉलर मिळाले. १९७४ मध्ये अली जिंकला. तिसरी १ ऑक्टोबर १९७५ ला फिलिपिन्समध्ये, मनिलाजवळ, भर उकाड्यात. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरचे दोन्ही डोळे सुजून मिटत आले होते. त्याचा प्रशिक्षक एडी फच यानं पंधराव्या फेरीला त्याला उठूच दिलं नाही. फ्रेझर ‘लढतो’ म्हणत होता. फचनं ऐकलं नाही. वस्ताद असावा तर असा. मरणाच्या सर्वांत जवळ गेलो ते त्या दिवशी, अशा अर्थाचं अलीनं नंतर सांगितलं.

२०११ मध्ये फ्रेझरच्या अंत्यविधीला आजारी अली हजर होता.

फोरमनला आफ्रिकेत कसं हरवलं? दोरावर टेकून मार का खात होता?

जॉर्ज फोरमन तेव्हाचा जगज्जेता, पंचवीस वर्षांचा, कुणी न हरवलेला. ज्या फ्रेझर आणि केन नॉर्टननी अलीला हरवलं होतं त्या दोघांनाही त्यानं दुसऱ्या फेरीत झोपवलं होतं. फ्रेझरला तर सहा वेळा पाडलं. अली बत्तीस वर्षांचा. त्याचे जवळचे लोकही मनातून घाबरले होते.

लढत ३० ऑक्टोबर १९७४ ला झैरेच्या किन्शासा शहरात झाली, म्हणजे आजच्या काँगोत. हुकूमशहा मोबुटूनं दोघांना प्रत्येकी पन्नास लाख डॉलर दिले. अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी ती पहाटे चारला सुरू केली. साठ हजारांच्या आसपास लोक अलीच्या नावानं ओरडत होते.

पहिल्या फेरीत अलीनं उजव्या हातानं थेट सुरुवात केली. जाणकारांना माहीत आहे, उजव्या हाताचा ठोसा लांबून येतो, तो आधी मारणं म्हणजे समोरच्याला कमी लेखणं. फोरमन भडकला. दुसऱ्या फेरीपासून अली रिंगच्या दोरांना टेकला, हातांनी तोंड आणि बरगड्या झाकल्या आणि ‘मार’ म्हणाला. कोपऱ्यातून डंडी ओरडत होता, दोर सोड. अलीनं सोडला नाही. दमट हवेनं दोर ढिले पडलेले, त्यामुळं त्याला खूप मागं झुकता येत होतं. फोरमनचे ठोसे हातांवर, खांद्यांवर संपत होते. मध्येच अली त्याच्या मानेवर हात टाकून वजन द्यायचा आणि कानात विचारायचा, एवढंच आहे काय तुझ्यात?

मानेवर वजन टाकून दमवणं कोल्हापूरच्या कुणाही पैलवानाला नवीन नाही. पाचव्या फेरीपर्यंत फोरमनचे हात जड झाले. आठव्या फेरीच्या शेवटी अली दोरावरून निघाला, चार-पाच ठोसे सलग, शेवटचा उजवा. फोरमन गोल फिरत खाली बसला. पडता पडता त्याला आणखी एक मारता आला असता. अलीनं हात उगारला होता, तो तसाच ठेवला. त्या चित्रफितीत मला सर्वांत आवडणारी जागा ती आहे.

जपानी पैलवानाशी त्याची कुस्ती झाली होती म्हणतात. कोण जिंकलं?

कुणीच नाही. आणि हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर.

२६ जून १९७६, टोकियोचं बुडोकान सभागृह. समोर अंतोनियो इनोकी, जपानमधला त्या काळचा मोठा पैलवान. पंधरा फेऱ्या. अलीसाठी साठ लाख डॉलरचा करार. अलीला वाटत होतं हा ठरवून केलेला खेळ असेल. लढत खरी आहे हे कळल्यावर त्याच्या माणसांनी नियम आवळले, असं सांगितलं जातं. पकडून आपटायचं नाही, आणि एक गुडघा जमिनीवर असल्याशिवाय लाथ नाही.

मग इनोकीनं त्याच नियमांतून वाट काढली. घंटा वाजली आणि तो पाठीवर लोळला. जवळजवळ सगळी लढत तो जमिनीवर आडवा राहून अलीच्या पायांवर लाथा मारत होता. अली भोवती फिरत होता, ‘ऊठ, माणसासारखा लढ’ म्हणून ओरडत होता. पंधरा फेऱ्यांत अलीनं मोजून सहा ठोसे मारले. लोकांनी कचरा फेकला आणि पैसे परत मागितले. पंचांनी बरोबरी दिली.

खासबागेच्या कुस्ती मैदानात असं झालं असतं तर काय झालं असतं, ते लिहायची गरज नाही. पण कुस्तीच्या डोळ्यानं पाहिलं तर इनोकीचं मला चूक वाटत नाही. उभ्यानं लढला असता तर पहिल्याच जॅबला संपला असता. लाथांनी अलीच्या डाव्या पायाची पोटरी इतकी सुजली, की अमेरिकेत परतल्यावर रक्ताच्या गुठळ्यांसाठी त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. तीन महिन्यांनी केन नॉर्टनशी लढताना ते पाय पूर्वीचे राहिले नव्हते.

आता आपल्याशी जोडलेला धागा. त्याच वर्षी डिसेंबरात इनोकी कराचीला गेला आणि त्यानं अक्रम पैलवानाचा हात पिरगाळून निकामी केला. अक्रम हा भोलू बंधूंपैकी, इमामबक्षचा मुलगा, म्हणजे गामाचा सख्खा पुतण्या. इमामबक्ष हे नाव इथल्या जुन्या शौकिनांना सांगावं लागत नाही. अलीला ज्यानं लंगडा केला, त्यानंच गामाच्या घराण्याचा पाडाव केला. पुढं अली आणि इनोकी चांगले मित्र झाले. १९९५ मध्ये इनोकीनं उत्तर कोरियात कुस्तीचा मोठा कार्यक्रम ठेवला, तेव्हा अली पाहुणा म्हणून प्योंगयांगला गेला होता.

आपल्या एखाद्या हिंदकेसरीनं अलीला चितपट केलं असतं की नाही?

हात लावता आला असता तर पहिल्या मिनिटात. पट काढल्यावर बॉक्सरकडं उत्तर नसतं. प्रश्न हात लावायला जवळ जाताना काय झालं असतं, हा आहे. चहाच्या टपरीवर यावर बोलायला छान वाटतं, बोला.

खाशाबा मोठे की अली?

५७ किलोच्या माणसाची ९५ किलोच्या माणसाशी जोड लावत नाहीत.

तो भारतात आला होता का? कोल्हापूरला?

भारतात आला होता, जानेवारी १९८० मध्ये. कोल्हापूर त्या दौऱ्यात नव्हतं. तेव्हा नुकत्याच पुन्हा पंतप्रधान झालेल्या इंदिरा गांधींना तो भेटला, मद्रासला प्रदर्शनी लढत केली. दिल्लीत त्याच्याशी प्रदर्शनी लढत खेळला तो लष्करातला पंजाबी हेवीवेट कौर सिंग. पुढं १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कौर सिंगनं सुवर्ण जिंकलं. अली तेव्हा अडतीस वर्षांचा, निवृत्ती जाहीर केलेला, पोट सुटलेला होता. तरी त्याचा जॅब डोळ्यांना दिसत नव्हता, असं कौर सिंग शेवटपर्यंत सांगत. २०२३ मध्ये ते गेले.

एकूण किती लढती? किती हरला?

६१ व्यावसायिक लढती, ५६ विजय, त्यातले ३७ नॉकआउट, ५ पराभव. हेवीवेटचं जगज्जेतेपद तीनदा : १९६४, १९७४ आणि १९७८. पाचांतले तीन पराभव १९७८ पासूनच्या शेवटच्या चार लढतींतले आहेत.

बॉक्सिंगमुळंच त्याला कंपवात झाला का?

१९८४ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, पार्किन्सनचं निदान झालं. एखाद्या रोग्याच्या बाबतीत अमुक ठोशानं आजार झाला असं डॉक्टर सांगू शकत नाहीत आणि अलीच्या बाबतीतही मतं वेगळी आहेत. पण डोक्याला वारंवार मार बसला की मेंदूचे आजार वाढतात, हे आता वादाचं राहिलेलं नाही. लक्षणं निदानाच्या आधीपासून होती. त्याच्या सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या मुलाखती ऐका आणि १९८० च्या ऐका. आवाज जाड झालाय, शब्द एकमेकांत मिसळताहेत.

दोरावर टेकून मार खाण्याची युक्ती किन्शासात चालली, म्हणून ती त्याची सवय झाली. सरावातही तो लढाऊ गड्यांना डोक्यावर मारू द्यायचा, सोसण्याची तयारी म्हणून. १९७७ मध्ये एर्नी शेव्हर्सच्या भयंकर ठोशांनंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी मूत्रपिंडं खराब होत असल्याचा अहवाल त्याला आणि त्याच्या लोकांना पाठवला आणि थांब म्हणून सांगितलं. कुणी ऐकेना, तेव्हा ते स्वतःच बाजूला झाले.

अली आणखी चार लढती लढला. २ ऑक्टोबर १९८० ला लॅरी होम्ससमोर तो नुसता उभा होता. होम्स त्याचा जुना सरावाचा जोडीदार. तो मारता मारता पंचाकडं बघत होता, थांबवा म्हणून. दहा फेऱ्यांनंतर डंडीनं थांबवलं. त्यानंतरही डिसेंबर १९८१ मध्ये बहामात बर्बिकशी एक लढत झाली. तीही हरला.

याचा दोष एकट्या अलीचा नाही. पैसे मिळवून देणारा पैलवान थांबू नये असं वाटणारी माणसं त्याच्याभोवती फार होती. तशी इथल्या मैदानांभोवतीही असतात.

बायका, मुलं?

चार लग्नं, नऊ मुलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बायकोशी तो निष्ठेनं वागला नाही. मुलगी लैला बॉक्सर झाली आणि २४ च्या २४ लढती जिंकून निवृत्त झाली.

निवृत्तीनंतर काय केलं? मागं काय राहिलं?

१९९० मध्ये सद्दाम हुसेनला भेटायला तो बगदादला गेला आणि ओलीस ठेवलेले पंधरा अमेरिकन घेऊन आला. आजारानं बोलणं कठीण झालं होतं, तरी गेला. १९९६ मध्ये अटलांटात ऑलिंपिकची ज्योत कोण पेटवणार हे गुप्त ठेवलं होतं. अंधारातून थरथरता हात घेऊन अली पुढं आला. ज्या देशानं त्याचा पासपोर्ट जप्त केला होता, त्याच देशानं २००५ मध्ये त्याला सर्वोच्च नागरी पदक दिलं. त्याच वर्षी लुईव्हिलमध्ये त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं.

आयोजकांनी बॉक्सरला लुबाडू नये म्हणून अमेरिकेनं २००० साली कायदा केला, त्यालाही त्याचंच नाव आहे. त्याबद्दल फारसं बोललं जात नाही, पण गरीब घरातल्या बॉक्सरला फोटोपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

३ जून २०१६ ला ॲरिझोनात, चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो गेला. दफन लुईव्हिललाच झालं.

पोराला बॉक्सिंगला घालायचंय. काय बघावं?

भारतात आता वाट आहे. विजेंदर, मेरी कोम, लवलीना यांनी ऑलिंपिकची पदकं आणली. तालमीत तयार झालेल्या पोराची मान आणि मांड्या मजबूत असतात, बॉक्सिंगला दोन्ही लागतात. शिकवणाऱ्याकडं दोन-तीन दिवस नुसतं जाऊन बसा. पहिले काही महिने पाय आणि बचाव शिकवतोय, की आठवड्याभरात पोरं एकमेकांवर सोडतोय, ते दिसेल. सोडत असेल तर दुसरा बघा. सरावाच्या लढतीला जाड ग्लोव्हज, डोक्याला गार्ड आणि दातांत माउथगार्ड पाहिजेच. डोक्याला जोराचा मार लागून गरगरलं, उलटी झाली, काही आठवेनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर आणि ते हो म्हणेपर्यंत रिंग बंद. ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणणारा वस्ताद असेल, तर त्याच्याकडून पोरगं काढून घ्या.

त्याची एखादीच लढत बघायची तर कुठली?

सगळे किन्शासा सांगतील. ती बघाच, पण दुसरी. आधी १४ नोव्हेंबर १९६६ ची बघा, ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सशी झालेली. विल्यम्स उतरता होता, त्यामुळं निकालात काही विशेष नाही आणि लढत तिसऱ्या फेरीत संपते. ठोशांकडं बघू नका, अलीच्या पायांकडं बघा. मोबाइल आडवा धरा आणि आवाज बंद केला तरी चालेल.